विम्याच्या कागदात मजूर कोठे?

अमरावती-अकोला महामार्गाच्या ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा जागतिक विक्रम जून २०२२ मध्ये नोंदला गेला. या भागात कापूस वेचणाऱ्या बाया मालवाहू गाडीत दाटीवाटीने बसून शेतावर जातात. त्यांचे काय?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला. गाडीखाली सापडलेल्या वाटसरूची भरपाई त्यातून मिळते. सर्वंकष विमा गाडीची मोडतोडही भरून देतो. परंतु मालवाहू गाडीत बसविलेला प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशाराणी खटल्यात दिला. उरतो तो गाडीमालक. तोच कर्जात बुडालेला असला, तर भरपाई द्यायची कोणी?

पत्र्याला संरक्षण आहे, माणसाला नाही. म्हणून मजुरांची ने-आण विमा उतरविलेल्या प्रवासी वाहनातूनच झाली पाहिजे, ही मागणी गावोगाव मांडा.