ब्रह्मगिरीची फेरी आणि बारा महिने



 आयुष्यभर मी मराठीचे अध्यापन केले. तेव्हा आज मी एखाद्या ग्रंथावर किंवा ग्रंथकारावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र एका पायवाटेवर बोलणार आहे. ही पायवाट एका डोंगराभोवती फिरते आणि जिथून निघते तिथेच परत येऊन मिळते. तिच्यावर सातशे वर्षांहून अधिक काळ मराठी माणसे चालत आली आहेत. मीही तिच्यावरून वेगवेगळ्या ऋतूंत चाललो आहे आणि त्या चालण्यातून जे उमगले, ते आपणांपुढे ठेवणार आहे.

नाशिकच्या पश्चिमेस सुमारे 30 किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर आहे. गावाच्या पाठीशी ब्रह्मगिरी उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 1,300 मीटर. गोदावरीचा उगम याच पर्वतावर मानतात. त्याच्या प्रदक्षिणेच्या दोन फेऱ्या रूढ आहेत. लहान फेरी सुमारे 20 किलोमीटरची, आणि हरिहर किल्ल्यालाही वळसा घालणारी मोठी फेरी सुमारे 40 किलोमीटरची. कुशावर्तात स्नान करून निघायचे, प्रयागतीर्थावरून पहिन्याकडे वळायचे, पर्वताची पश्चिम बाजू पायांखाली घालून सापगावच्या अंगाने पुन्हा त्र्यंबकात उतरायचे. पर्वत सर्वकाळ उजव्या हाताला राहतो. शिखर गाठणे हा या वाटेचा हेतूच नाही. पर्वत चहूबाजूंनी पाहणे हा तिचा हेतू आहे.

या वाटेची स्मृती आपल्या वाङ्मयपरंपरेत खोलवर रुजलेली आहे. विठ्ठलपंत आपल्या कुटुंबासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाटेत वाघ आला, पांगापांग झाली, बालक निवृत्ती चुकून एका गुहेत शिरले आणि तेथे त्यांना गहिनीनाथ भेटले, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. निवृत्तिनाथांकडून तो उपदेश ज्ञानदेवांकडे आला. वाट चुकण्यातून एक ज्ञानपरंपरा जन्माला यावी, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. निवृत्तिनाथांची समाधीही त्र्यंबकेश्वरीच आहे. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’कडे पाहिले, तर कोणते स्थान कोणत्या दिशेस, कशाच्या जवळ, याची किती बारकाईने नोंद केली आहे हे ध्यानात येते. आपल्या जुन्या गद्याला वाटेचे भान होते. ते आपण पुढे कितपत जपले, हा प्रश्न मनाशी ठेवून आपण फेरीला निघू.

प्रथम पावसाळा घेऊ, कारण बहुसंख्य यात्रेकरू याच ऋतूत येतात. श्रावणातील तिसरा सोमवार हा फेरीचा मुख्य दिवस. आदल्या रविवारी रात्रीपासूनच माणसांची रीघ लागते. लाखो लोक, त्यांतले कित्येक अनवाणी, त्या अंधारात आणि पावसात चालतात. 1974 साली मी प्रथम गेलो तो याच पर्वणीला. काचीगुड्याहून मनमाडपर्यंत तेव्हा मीटरगेज गाडी होती. हैदराबादच्या पठारावरचा पाऊस पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना तो पाऊस निराळाच वाटला. तो पडत नव्हता, नुसता भरून राहिला होता. नाशिक शहरात वर्षाकाठी साधारण 700 मिलिमीटर पाऊस होतो. तिथून जेमतेम 30 किलोमीटरवरच्या त्र्यंबक परिसरात तो 2,000 मिलिमीटरच्या घरात जातो. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि पूर्वेकडे पोहोचेपर्यंत त्यांच्यापाशी फारसे काही उरत नाही.

त्या दिवसांत वाट अशी नसतेच; तिचा ओहोळ झालेला असतो. तांबड्या चिखलात पाय घोट्यापर्यंत रुततो. दगडांवर शेवाळ धरलेले असते, आणि पाय घसरतो तो चढापेक्षा उतारावर. धुक्यामुळे चार हातांवरचा माणूस दिसत नाही. कड्यांवरून शेकडो धारा कोसळत असतात, त्यांचा केवळ आवाज ऐकू येतो. कोरड्या दिवसांत मला ही लहान फेरी पुरी करावयास सहा तास लागत. श्रावणात नऊ तास लागले. हातात काठी हवी. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर वर जोराचा पाऊस झाला आहे असे समजून काठावर थांबावे. पाणी ओसरण्यास फार वेळ लागत नाही. तिथले लोक थांबतात. घाई असते ती आपणा शहरवासीयांना.

याच फेरीत आपण एक महत्त्वाची सीमा ओलांडतो, पण धुक्यामुळे ती ध्यानात येत नाही. पर्वताच्या पूर्वेकडचे पाणी गोदावरीला मिळते आणि 1,465 किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिम अंगाचे पाणी वैतरणेकडे वळते, अरबी समुद्राच्या दिशेने. वैतरणेच्या धरणांतूनही मुंबई पाणी पिते. वीस किलोमीटरच्या वर्तुळात माणूस एका समुद्राच्या खोऱ्यातून दुसऱ्या समुद्राच्या खोऱ्यात जाऊन परत येतो.

भाद्रपद सरता सरता पाऊस उघडीप देऊ लागतो. शरद ऋतूतील फेरी ही डोळ्यांची फेरी होय. सोनकी उतारावर पिवळीधमक पसरते, ओलसर जागी तेरडा फुलतो, शेतांत खुरासणी डोलते. नागली आणि वरई यांची खाचरे, खालच्या सपाटीला भात. मात्र या दिवसांत वाट सापडणे कठीण. गवत छातीपर्यंत वाढलेले असते आणि त्याखाली दगड दिसत नाहीत. श्रावणात गर्दीच वाट दाखवते. आश्विनात वाटाड्याला विचारावे लागते. दुपारचे ऊनही फसवे असते, जमिनीतली वाफ अंगावर येते.

हेमंतात भाताची कापणी होते, गवत पिवळे पडून झोपते आणि वाट पुन्हा उघडी होते. चालण्यास याहून उत्तम काळ नाही. हवा स्वच्छ असते, पर्वताचे कडे एकावर एक रचलेल्या थरांसारखे दिसतात. ओढ्यांना अजून पाणी असते, पण आता ते उडी मारून ओलांडता येते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि गावोगावच्या दिंड्या त्र्यंबकेश्वरी येतात. पहाटेच्या थंडीत बोटे आखडतात. मी त्या यात्रेनंतर एकदा फेरी केली. वाटेवर मी आणि माझे दोन विद्यार्थी, याखेरीज गुराख्यांवाचून कोणी नव्हते. ज्या ओहोळाने श्रावणात आम्हांला तासभर काठावर थांबवले असते, त्याची आता करंगळीएवढी धार झाली होती.

फाल्गुनात पळस फुलतो. शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याचा धूर उतारांवर रेंगाळतो. आणि मग वैशाख येतो. या महिन्यात फेरीला जाणारे फार थोडे. सूर्योदयापूर्वी निघावे, दहाच्या आत बरीच वाट मागे टाकावी, पाणी सोबत न्यावे; कारण वाटेत ते मिळेल याची शाश्वती नाही. काळा कातळ तापला की त्याची धग तळव्यांतून वर चढते. जिथे शेकडो धारा कोसळत होत्या, त्या कड्यांवर पाण्याचे केवळ काळपट डाग उरलेले असतात. करवंदे आणि जांभळे मात्र याच दिवसांत पिकतात. हीच काय ती त्या ऋतूची दया.

अशाच एका वैशाखात पर्वताच्या पश्चिम अंगाला, कोरड्या ओढ्याच्या पात्रात एक वृद्ध बाई बसलेली मला दिसली. तिने वाळूत हातभर खोल झिरा उकरला होता. त्यात पाझरणारे पाणी ती वाटीने हंड्यात भरीत होती. वाटी भरली की थांबायचे, पुन्हा पाणी जमू द्यायचे. मी तिला विचारले, “आजी, हंडा भरायला किती वेळ लागतो?” ती म्हणाली, “ऊन हितवर येईस्तोवर,” आणि तिने हाताने पात्राच्या पलीकडची एक शिळा दाखविली. तिथे सावलीची कड होती. माझ्या अंदाजाने दीड तास. मग तिनेच मला विचारले, “तुम्हाला प्यायला देऊ का, बाबा?” मी नको म्हटले. माझ्या पिशवीत अजून पाणी होते.

जिथे 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे वैशाखात वाटीने पाणी भरावे लागते. हे कसे घडते? हा पर्वत बेसॉल्टच्या थरांचा आहे. कठीण कातळ पाणी मुरू देत नाही. जे मुरते ते थरांमधल्या भेगांतून आणि सच्छिद्र पट्ट्यांतून वाट काढते आणि जिथे थर उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. उतार तीव्र, मातीचा थर पातळ. झाडी असली तर पाणी अडते, थांबते, हळूहळू मुरते आणि झरा उन्हाळ्यापर्यंत तग धरतो. झाडी गेली की चार महिन्यांचा पाऊस चार महिन्यांतच समुद्राच्या वाटेला लागतो. ब्रह्मगिरीच्या वरच मेटघर किल्ला या नावाची वस्ती आहे. नदीच्या उगमाशी राहणाऱ्या तिथल्या बायाबापड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते.

आता मी पुन्हा माझ्या विषयाकडे, म्हणजे वाङ्मयाकडे येतो. आपल्या कवितेत श्रावणाचे कौतुक उदंड आहे. बालकवींची ‘श्रावणमास’ ही कविता पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी पाठ केली, आणि ते योग्यच झाले. परंतु श्रावण पाठ असलेल्या मुलाला वैशाखाचा परिचय कोणी करून द्यायचा? गौतम ऋषींची कथा आपण सांगतो ती गंगावतरणाची, पापक्षालनाची. त्या कथेची सुरुवात कशाने होते, हे आठवून पाहा. ती दीर्घ अवर्षणाने होते. अन्नपाणी नाहीसे झाले म्हणून गौतमांनी तप केले आणि वरुणाने त्यांना अक्षय पाण्याचे कुंड दिले. ज्यांनी ही कथा रचली, त्यांनी हा पर्वत उन्हाळ्यात पाहिला होता, असे मला वाटते. त्यांची नदी तहानेतून जन्माला आली. आपण तिचा केवळ उत्सव शिल्लक ठेवला.

येथे भक्तीला उणेपणा देण्याचा माझा हेतू नाही. पावसात अनवाणी चालणाऱ्या माणसाची श्रद्धा मी जवळून पाहिली आहे, आणि ती मला पूज्य आहे. माझे म्हणणे इतकेच की, ज्याने पर्वत केवळ श्रावणात पाहिला, त्याला तो अक्षय वाटतो. आणि जे अक्षय वाटते त्याची काळजी कोणी घेत नाही. 2021 साली ब्रह्मगिरीच्या परिसरातील डोंगर फोडण्याविरुद्ध नाशिककरांनी आवाज उठविला. यंत्रांनी डोंगराचा पायथा खणला, की कातळातील भेगांचे ते जाळे तुटते, ज्यातून झऱ्याला पाणी येते. धबधबा त्यानंतरही श्रावणात कोसळत राहील आणि यात्रेकरूला काही उणे दिसणार नाही. उणे दिसेल ते वैशाखात, वाटी घेऊन बसलेल्या त्या बाईला.

आपण म्हणाल, नाशिकचा डोंगर आणि गौलीगुडा यांचा संबंध काय? 2015 पासून श्रीपाद एल्लमपल्ली प्रकल्पातून गोदावरीचे पाणी हैदराबादला येऊ लागले आहे. तेव्हा या शहराच्या तहानेचा धागाही आता गोदावरीच्या खोऱ्याशी जोडला गेला आहे. आणि आपली स्वतःची नदी तर हाकेच्या अंतरावर आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला आलेल्या महापुराच्या कथा या वस्तीतील घराघरांत सांगितल्या गेल्या. त्या पुरानंतर उस्मानसागर 1920 साली आणि हिमायतसागर 1927 साली पुरे झाले. मुसीचा पूर आपल्याला ठाऊक आहे. पण ती जिथे उगम पावते, ते विकाराबादजवळचे अनंतगिरीचे डोंगर आपल्यापैकी किती जणांनी उन्हाळ्यात पायी पाहिले आहेत?

म्हणून या शाळेपुढे मी एक सूचना नम्रपणे ठेवतो. अनंतगिरी येथून सुमारे 80 किलोमीटरवर आहे. दरवर्षी इयत्ता नववीच्या मुलामुलींना तिथे चार वेळा न्यावे. श्रावणात, कार्तिकात, माघात आणि वैशाखात. दर वेळी त्याच वाटेने चालवावे. कोणता झरा वाहतो, कोणता आटला, कोणते झाड फुलले, वाट कुठे खचली, पाणी भरण्यास कोण किती लांबून येते, याची नोंद त्यांनी मराठीत करावी. स्थानपोथीकारांनी केली तशी, साध्या वाक्यांत, विशेषणांवाचून. दहा वर्षांनी शाळेच्या कपाटात अशा दहा वह्या जमतील. त्या वह्यांइतके मोलाचे मराठी गद्य या शहरात फार थोडे लिहिले गेले असेल.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी या सहलींच्या प्रवासखर्चाचा भार उचलावा. आणि ज्यांचे पाय अजून धड आहेत, त्यांनी एकदा ब्रह्मगिरीची फेरीही करावी. श्रावणात तर जावेच. पण पुन्हा एकदा वैशाखात जावे, पाण्याच्या दोन बाटल्या अधिक घेऊन.