पिलांची हाडे आणि अंगणातले शिसे



आज आपण कोंबडीच्या पिलांविषयी चार गोष्टी बोलू.

पावसाळ्यात खुराड्यातले एखादे पिलू लंगडू लागते. पाय वाकतात. चोच दाबली तर रबरासारखी लवते. आपण म्हणतो, "दृष्ट लागली." पण असे पाय बहुधा दृष्टीने वाकत नाहीत. हाडांना खनिज कमी पडले, म्हणून वाकतात.

हाड मुख्यतः दोन खनिजांनी घट्ट होते. एक कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश. दुसरे फॉस्फरस. नुसत्या कण्या आणि जोंधळा खाऊन कॅल्शियम पुरत नाही. शिवाय ते अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व लागते. ते उन्हाने अंगात तयार होते. पावसाळ्यात ऊन नाही, म्हणून दुखणे तेव्हाच वाढते.

आता दुसरी गोष्ट. ती अधिक धोक्याची आहे.

अंगणात फुटकी बॅटरी पडलेली असते. जुन्या दाराच्या रंगाचे पोपडे पडतात. जाळ्याची शिशाची वजने इकडेतिकडे पडतात. पिलाला दात नाहीत. दाणा दळायला ते खडे गिळते. शिशाचा तुकडाही खडा समजून गिळते. पोटातल्या जाड मांसाच्या पिशवीत खड्यांबरोबर तो घासला जातो. शिसे झिजते आणि रक्तात उतरते. मग पिलू खात नाही, पंख पाडून बसते, पायांतले बळ जाते.

या दोन गोष्टींचे नाते आहे बरं का! शिसे कॅल्शियमच्याच वाटेने अंगात शिरते. कॅल्शियम कमी असले, की शरीर शिसे जास्त ओढून घेते. म्हणजे उपाशी हाडाला विष लवकर लागते.

हे रानपाखरांतही दिसले आहे. फिनलंड देशात हार्यावाल्टा येथे तांबे-निकेल गाळण्याचा कारखाना आहे. त्याच्याजवळच्या रानात माशीमार पाखरांच्या पिलांची पंखांची आणि पायांची हाडे बिघडलेली आढळली. तिथे धातूंची धूळ होती आणि कॅल्शियम देणाऱ्या गोगलगाई कमी होत्या. दोन्ही संकटे एकदम आली.

मग आपण काय करायचे?

पिलांना सकाळचे ऊन द्यावे. अंड्याची टरफले उकळून, वाळवून, बारीक कुटावी आणि चिमूटभर खाद्यात मिसळावी. पानाला लावायचा चुना मात्र देऊ नये. तो तोंड भाजतो. अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्यही पिलांना घालू नये. पिलांना खाद्याच्या शंभर भागांत सुमारे एक भाग कॅल्शियम पुरते. अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन ते चार भाग लागते. तेवढ्याने पिलांची मूत्रपिंडे बिघडतात.

आणि टरफले चारली म्हणून शिसे अंगणात ठेवू नका. आधी बॅटरी उचला, पोपडे ओले करून गोळा करा, मग हात धुवा. पिलू मलूल दिसले तर गुरांच्या दवाखान्यात न्या.

शेवटी एक सांगतो. शिसे खाल्लेली कोंबडी अंडी घालते, तेव्हा ते बलकातही उतरते. ते अंडे आपले मूल खाते. मूलही त्याच अंगणात रांगते, हात तोंडात घालते. लहान मुलाच्या मेंदूला शिसे फार बाधते. तेव्हा लंगडे पिलू दिसले, की आपण सारे अंगण एकदा नीट पाहू या.