कोवळ्या मेंदूची आवणी



आजचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना धास्ती वाटली असेल. एकाचा मेंदू काढून दुसऱ्याच्या डोक्यात बसवावयाचा की काय, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला येथे येता येताच विचारले. तसे काही नाही. मी सांगणार आहे ती हकीकत बाजरीच्या दाण्याएवढ्या पेशीजालाची आहे.

या व्याख्यानाची जाहिरात झाल्यावर निफाडकडून मला एक पत्र आले. लिहिणाऱ्याच्या वडिलांना नऊ वर्षे कंपवात आहे. हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, बटण लावण्यास दुसरा माणूस लागतो. एके ठिकाणी ‘पेशी टोचून मेंदू नवा करून देऊ’ असे सांगून त्यांच्याकडे काही लाख रुपये मागितले आहेत. ‘दीड एकर द्राक्षबाग विकावी काय?’ एवढाच त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. पण ते नुसते ‘होय’ वा ‘नाही’ असे न देता, त्यामागची कारणे आपल्या सर्वांच्या पदरात टाकावीत, म्हणून हा सारा खटाटोप.

इगतपुरी-त्र्यंबककडची मंडळी येथे असतील. भाताची आवणी कोवळ्या रोपाची करावयाची, हे त्यांना सांगावयास नको. तीन-चार आठवड्यांचे रोप उपटून चिखलात लावले म्हणजे ते मान टाकते, पुन्हा उभे राहते आणि फुटवे धरते. तेच रोप जून झाल्यावर लावले तर जगले तरी फुटत नाही. मेंदूच्या पेशीजालाची गोष्ट बरीचशी अशीच आहे; मात्र हे उमगावयास शास्त्रज्ञांना ऐंशी वर्षे लागली.

न्यूयॉर्कच्या थॉम्पसन नावाच्या डॉक्टरांनी १८९० मध्ये प्रौढ मांजराच्या मेंदूचा तुकडा प्रौढ कुत्र्याच्या मेंदूत बसविला. तुकडा काही आठवडे जागेवर राहिला, पण त्यातील मज्जापेशी जगल्या असे आज कोणी मानीत नाही. पुढे एलिझाबेथ डन या बाईंनी नुकत्या जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूचे तुकडे वापरले. ४६ प्राण्यांपैकी अवघ्या चौघांत तुकडा तगला. हे त्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि जग ते जवळजवळ विसरले. मग १९७१ मध्ये अमेरिकेत गोपाल दास या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने जोसेफ आल्टमन यांच्यासह दाखवून दिले की, ज्या पेशी अद्याप मज्जापेशी व्हावयाच्या आहेत अशा पूर्वज पेशी पिलाच्या लहान मेंदूत सोडल्या, तर त्या तेथे जगतात आणि वाढतात.

कोवळेपणात असे काय आहे? जून मज्जापेशीचा धागा लांबवर गेलेला असतो. तिला उचलावयाचे म्हणजे तो तोडणे आले, आणि तो तुटला की ती बहुधा मरते. कोवळ्या पेशीला तोडण्याजोगे फारसे काही फुटलेलेच नसते. प्राणवायूचा तुटवडा ती काही काळ सोसते. शिवाय वाढण्याची तिची घाई अजून संपलेली नसते.

परंतु जगणे निराळे आणि नांदणे निराळे. परक्या जागी लावलेली पेशी कोणाशी संबंध जोडते? जातीप्रमाणे की जागेप्रमाणे? उंदराच्या मेंदूत मिशांच्या स्पर्शासाठी एक प्रदेश असतो. तेथे प्रत्येक मिशीसाठी पेशींचा एकेक पुंजका असतो. १९९१ मध्ये श्लॅगर आणि ओलिअरी यांनी गर्भाच्या मेंदूतील दृष्टीच्या प्रदेशाचा तुकडा काढून नवजात पिलाच्या या मिशांच्या प्रदेशात लावला. त्या तुकड्यात मिशांचे पुंजके उमटले! जे पाहण्यासाठी जन्मले होते, ते स्पर्शाची मांडणी शिकले.

तेवढ्यावरून सारे काही जागेवर अवलंबून आहे असे म्हणावयास जाल तर फसाल. त्याच वर्षी बार्बे आणि लेव्हिट यांना असे आढळले की, गर्भाच्या बाराव्या दिवशी उचललेल्या पेशी नव्या जागेची खूण धारण करतात, आणि चौदाव्या दिवशी उचललेल्या पेशी आपली मूळची खूण सोडीत नाहीत. दोन दिवसांचा फरक! आवणीचा मुहूर्त हुकणे म्हणजे काय, ते येथे दिसते.

हा मुहूर्त ठरवितो कोण? या प्रश्नावर आपल्या मुंबईतच मोलाचे काम झाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे आणि त्यांचे सहकारी उंदराच्या गर्भात मेंदू कसा घडतो याचा अभ्यास करतात. स्मरणशक्तीशी संबंध असलेला हिपोकॅम्पस नावाचा मेंदूचा एक भाग आहे. तो कोठे बनावा हे शेजारची एक लहानशी पट्टी सांगते. २००८ मध्ये त्यांनी दाखविले की, वाढत्या मेंदूतील काही पेशींतून एक विशिष्ट जनुक काढून टाकले, तर त्या पेशी स्वतः हिपोकॅम्पस होत नाहीत. त्या तशी पट्टी बनतात, आणि जनुक शाबूत असलेल्या शेजाऱ्यांकडून हिपोकॅम्पस घडवून घेतात, तोही भलत्या ठिकाणी. आणि हे जनुक आपला प्रभाव गाजविते ते विकासाच्या अगदी आरंभीच्या थोड्या काळात. येथे तुकडा उचलून लावला नव्हता. जागच्या जागी काही पेशींचा स्वभाव तेवढा पालटला होता. शिकवण मात्र तीच: मेंदूतील पेशी आपले काम कुळावरून, शेजारावरून आणि वेळेवरून ठरविते.

आता दुरुस्तीकडे वळू. कंपवातात मेंदूच्या बुडाशी असलेल्या, डोपामिन नावाचे द्रव्य करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. १९७९ मध्ये उंदरांच्या गर्भातील अशा पेशी आजारी केलेल्या उंदरांत लावल्या, तेव्हा त्यांच्या हालचाली सुधारल्या. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही प्रा. प्रकाश नारायण टंडन आणि प्रा. गोमती गोपीनाथ यांनी प्राण्यांच्या मेंदूत कोवळे पेशीजाल लावण्याचे प्रयोग केले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि काही रुग्णांना खरोखर चांगला गुण आला.

मग अमेरिकेत पडताळा पाहिला गेला. ४० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या मेंदूत पेशी लावल्या, निम्म्यांच्या कवटीला नुसती भोके पाडली, आणि कोणाला काय केले हे रुग्णांपासून गुप्त ठेवले. २००१ मध्ये निष्कर्ष आला. तरुण रुग्णांना थोडा गुण होता, वृद्धांना दिसण्याजोगा नव्हता. आणि पेशी मिळालेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना पुढे अनावर हालचालींचा त्रास जडला. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. लावणीनंतर अकरा ते सोळा वर्षांनी मरण पावलेल्या काही रुग्णांत लावलेल्या कोवळ्या पेशींपैकी काहींनाही तोच आजार शिवला होता. रोप निरोगी असले तरी रोग जमिनीत होता.

तरीही काम थांबले नाही. गर्भातील पेशी मिळविणे नीतीच्या आणि पुरवठ्याच्या दोन्ही दृष्टींनी अवघड. म्हणून मूळपेशींपासून त्या प्रयोगशाळेत वाढविण्यात आल्या. २०२५ मध्ये जपानने सात रुग्णांचे आणि अमेरिका-कॅनडाने बारा रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठा अपाय झाला नाही, काही रुग्णांत सुधारणा दिसली. मात्र यात तुलनेसाठी खोटी शस्त्रक्रिया केलेले रुग्ण नव्हते. म्हणून ही आशादायक सुरुवात आहे. पीक अजून खळ्यावर यावयाचे आहे.

आता निफाडच्या पत्राचे उत्तर. बाग विकू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या नियमावलीत स्पष्ट सांगितले आहे की, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर रुग्णाला मूळपेशी देणे अनैतिक आहे. कोणी टोचण्यास निघाला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. पेशी कोणत्या, आणि त्या कोणत्या वयाच्या? त्या मेंदूत नेमक्या कोठे जाणार? चाचणीची नोंद कोठे आहे? पैसे मोजण्याच्या आधी विचारा. जो खरा संशोधक आहे तो या प्रश्नांनी रागावणार नाही. तोवर वडिलांची औषधे वेळच्या वेळी द्या, त्यांना रोज चालवा, आणि मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडून तपासणी चुकवू नका.

त्या गृहस्थांची आशा मी हिरावून घेतली, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याला आवणीचा हंगाम ठाऊक आहे तो उन्हाळ्यात रोप लावीत नाही. पण म्हणून त्याचा पावसावरचा विश्वास उडालेला नसतो.