हिपहॉपच्या ठेक्याची मांडणी

हिपहॉप हें नांव ऐकतांच पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. एकच ठेका तीन-साडेतीन मिनिटें घुमत राहतो आणि त्यावर कोणी तरी घाईघाईनें बोलत असतो, ह्यांत संगीत तें कोठें आलें? प्रश्न गैर नाहीं. किंबहुना ठेका रचणाऱ्यापुढेंही तोच प्रश्न असतो. चार मात्रांच्या गटास तिकडे ‘बार’ म्हणतात. असें दोन-चार बारांचें एकच आवर्तन हातीं असतां श्रोत्याला शेवटपर्यंत जागें कसें ठेवावें?

ह्याचें उत्तर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील नाचाच्या जलशांतून निघालें. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं तेथील सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतींत झालेला जलसा ह्या संगीताचा आरंभ मानला जातो. तेथें तबकड्या वाजविणारा तरुण जमेकांत जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच कूल हर्क. नाचणारीं मुलें गाण्यांतील एका विशिष्ट जागेची वाट पाहत असतात, हें त्यानें हेरलें होतें. गायक थांबतो, इतर वाद्यें गप्प होतात आणि ड्रम वाजविणारा एकटा उरतो, ती ही जागा. ती कांहीं सेकंदांतच सरे. म्हणून हर्क एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवूं लागला. एकीवरची जागा संपली कीं दुसरीवरची सुरू करावयाची आणि तेवढ्यांत पहिली मागें फिरवावयाची! वाद्यांच्या गर्दींतून नव्हे, तर वाद्यें गप्प बसण्यांतून ही कला जन्मली.

जातां जातां एक सांगतों. क्लाइड स्टबलफील्ड ह्यानें १९६९ सालीं जेम्स ब्राऊनच्या एका गीतांत असेच कांहीं बार एकट्यानें वाजविले. तो तुकडा पुढें असंख्य हिपहॉप गीतांत आला. परंतु गीताचा रचनाकार म्हणून नांव नसल्यामुळें त्याला त्याचें मानधन मिळत नसे. ही गोष्ट मला आजही बोचते.

आतां मांडणीकडे वळूं. १९७९ सालच्या ‘रॅपर्स डिलाइट’ ह्या गीताची मोठी आवृत्ति चौदा मिनिटांहून अधिक चालते. जलशांतील संवय तशीच तबकडीवर उतरली होती. पुढें घाट बराचसा ठरून गेला. आरंभीं चार किंवा आठ बार, मग सोळा बारांचें कडवें, मग आठ बारांचें ध्रुवपद, ज्याला ‘हूक’ म्हणतात. मिनिटाला ९० मात्रांची लय धरली तर कडवें सुमारें ४३ सेकंदांचें होतें आणि हूक २१ सेकंदांचा.

हा हिशेब कोणालाही येतो. खरी कसोटी पुढेंच आहे. नवशिका प्रत्येक भागांत नवें वाद्य घालीत जातो. दुसऱ्या कडव्यापर्यंत घालावयास कांहीं उरत नाहीं आणि बोलणाऱ्याचे शब्द त्या गलबल्यांत बुडतात. जाणता मनुष्य पुष्कळदां उलट चालतो. संगणकाच्या पडद्यावर तो सर्व वाद्यें प्रथम गीतभर पसरतो आणि मग एकेक काढूं लागतो. आरंभांतून बेस काढला, कीं पहिल्या कडव्याच्या पहिल्या मात्रेवर तो येतांच श्रोता सांवरून बसतो. कडव्यांत स्वरवाद्य मंद करावें, कारण मनुष्याचा आवाज त्याच पट्टींत फिरतो; हूक आला कीं तें पुन्हां मोकळें सोडावें. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या चार बारांतून झांज काढली, तरी ओळखीचा ठेका परका वाटूं लागतो.

सर्वांत नाजूक जागा कडव्याचा शेवटचा बार. तेथें ड्रम दोन मात्रा थांबवितात. त्या पोकळींत कवीचा अखेरचा शब्द एकटा पडतो आणि लगेच हूक कोसळतो. मात्र ही युक्ति प्रत्येक कडव्याला वापरली, तर तिसऱ्या वेळीं कोणी दचकत नाहीं! ती कोठें खर्चावी हें शब्द ऐकूनच ठरवावें लागतें. म्हणून जाणता ठेकाकार बोल मुद्रित होईपर्यंत मांडणी पक्की करीत नाहीं.

शेवटचा हूक सरल्यावर पुष्कळ जण बाकीचीं वाद्यें उतरवून ड्रम तेवढे चार-आठ बार चालूं ठेवतात. तबकड्या वाजविणाऱ्याला पुढचें गीत त्यावर जोडून घेतां येतें.