टोपलींतील चेंडू आणि एक लहान राष्ट्र

राष्ट्राचें मोठेपण कोणत्या गजानें मोजावें, हा प्रश्न फार जुना आहे. कोणी तें सैन्याच्या संख्येवरून मोजतो, कोणी खजिन्यावरून, तर कोणी मुलखाच्या विस्तारावरून. बाल्टिक समुद्राच्या काठीं वसलेल्या लिथुआनिया या देशाला हे तिन्ही गज लावून पाहिले, तर हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ६५,३०० चौरस किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम पांचवा हिस्सा. लोकवस्ती अठ्ठावीस-एकोणतीस लाखांची. म्हणजे एकट्या मुंबई शहराच्या वस्तीच्या चौथ्या हिश्श्याहूनहि कमी. असें असून बास्केटबॉल या एका खेळांत या देशाच्या पुरुषसंघानें तीनदां युरोपचें अजिंक्यपद मिळविलें आहे, ऑलिंपिकांत तीन कांस्यपदकें जिंकलीं आहेत, आणि ज्या अमेरिकेंत हा खेळ जन्मास आला त्या अमेरिकेलाहि धूळ चारली आहे. हें कसें घडलें, आणि त्या लोकांना एका चेंडूचें एवढें वेड कां, याची कथा ऐकण्याजोगी आहे.

प्रथम या लोकांची ओळख करून घेतली पाहिजे. लिथुआनियन भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाहीं. भाषाशास्त्रज्ञ तिला संस्कृतची दूरची बहीण मानतात. देवाला तेथें ‘दिएवास’, मुलाला ‘सूनुस’, अग्नीला ‘उग्निस’, दाताला ‘दांतिस’ आणि स्वप्नाला ‘साप्नास’ म्हणतात. सूनु, अग्नि, दंत आणि स्वप्न हे शब्द पाठ केलेल्या मराठी विद्यार्थ्याला यांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाहीं. हीच भाषा पुसून टाकण्याचा यत्न रशियाच्या झारनें केला. एकोणिसाव्या शतकांतील उठावानंतर लिथुआनियन पुस्तकें रोमन लिपींत छापण्यास बंदी झाली, आणि ती सुमारें चाळीस वर्षें, १९०४ पर्यंत चालूं राहिली. त्या काळीं शेजारच्या प्रशियांत पुस्तकें छापून तीं रात्रींच्या अंधारांत सरहद्दीपलीकडे आणणारे साधे शेतकरी निघाले. पकडले गेले तर कैद नाहीं तर सैबेरिया, हें त्यांस ठाऊक होतें. तरीहि पुस्तकें येत राहिलीं. वर ज्या वेडाचा उल्लेख केला, त्याचें मूळ या चिवटपणांत शोधावें लागतें.

आतां खेळाकडे वळूं. इ. स. १८९१ च्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें ख्रिस्ती तरुणांच्या एका शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. बाहेर बर्फ पडत असतांना मुलांना छपराखालीं खेळतां यावें म्हणून त्यांनीं सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि चेंडू टोपलींत टाकण्याचा खेळ रचला. टोपली जमिनीपासून दहा फुटांवर होती. ती उंची आजहि तशीच आहे. याच सुमारास लिथुआनियांतील हजारों गरीब लोक पोटासाठीं अमेरिकेस जात होते. कोणी पेनसिल्व्हानियाच्या कोळशाच्या खाणींत राबले, तर कोणी शिकागोच्या कत्तलखान्यांत. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ (१९०६) या गाजलेल्या कादंबरीचा नायक असाच एक लिथुआनियन मजूर आहे. या मजुरांचीं मुलें अमेरिकन शाळांत शिकलीं आणि तेथें हा नवा खेळ शिकलीं.

१९१८ सालीं लिथुआनिया स्वतंत्र झाला. व्हिल्नियस ही त्याची जुनी राजधानी तेव्हां पोलंडच्या ताब्यांत गेल्यामुळें कौनास या शहरांतून राज्यकारभार चाले. बास्केटबॉलमध्यें आरंभीं या देशाला कोणी विचारीत नसे. १९२५ मध्यें लात्वियाविरुद्ध झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याला हार खावी लागली. १९३५ सालीं जिनीव्हा येथें युरोपचें पहिलें अजिंक्यपद त्याच शेजारच्या लात्वियानें जिंकलें. पुढील स्पर्धा १९३७ मध्यें लात्वियाच्या राजधानींत, रीगा येथें भरली. या वेळीं लिथुआनियानें अमेरिकेंत वाढलेल्या आपल्या मुलांस हांक मारली. फेलिक्सास क्रियौच्यूनास, प्रानास ताल्झूनास असे तरुण आले, स्वतः खेळले आणि इतरांनाहि खेळाचें शास्त्र शिकविलें. अंतिम सामन्यांत इटलीवर २४ विरुद्ध २३ अशा एका गुणानें मात करून लिथुआनियानें युरोपचें अजिंक्यपद पटकाविलें. त्या एका गुणानें सगळा देश वेडा झाला.

अजिंक्य देशाकडे पुढल्या स्पर्धेचें यजमानपद आलें. कौनासमध्यें खास या खेळासाठीं एक भव्य क्रीडागृह उभारण्यांत आलें. परंतु १९३९ चा तो वसंत शुभ नव्हता. मार्च महिन्यांत हिटलरच्या जर्मनीनें धमकी देऊन क्लाइपेडा हें लिथुआनियाचें एकमेव मोठें बंदर गिळंकृत केलें होतें. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनीं कौनासच्या नव्या क्रीडागृहांत सामने सुरूं झाले. लिथुआनियाच्या बाजूनें या वेळीं प्रानास लूबिनास उतरले होते. लॉस एंजेलिस येथें लिथुआनियन आईबापांच्या पोटीं जन्मलेले हे उंचेपुरे गृहस्थ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघांत होते. लात्वियाशीं सामना अखेरच्या क्षणापर्यंत अटीतटीचा झाला; शेवटच्या सेकंदांत लूबिनास यांनीं चेंडू टोपलींत टाकला आणि लिथुआनिया ३७ विरुद्ध ३६ असा जिंकला. अजिंक्यपद घरींच राहिलें.

परदेशीं वाढलेल्या खेळाडूंच्या बळावर मिळविलेलें यश खरें कीं उसनें, असा आक्षेप त्या वेळींहि निघाला. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. पोटासाठीं परमुलखांत गेलेला माणूस घरीं पैसे पाठवितो, तेव्हां ते पैसे उसने आहेत असें कोणी म्हणत नाहीं. या मुलांनीं पैशाऐवजीं विद्या आणली. आणि ती विद्या उसनी राहिली नाहीं, हें पुढील इतिहासानें सिद्ध केलें. कारण लवकरच अमेरिकेचा मार्ग पन्नास वर्षें बंद झाला, आणि तरीहि खेळ मेला नाहीं.

१९४० च्या जूनमध्यें सोव्हिएट रशियाचें सैन्य देशांत शिरलें व ऑगस्टमध्यें तो देश सोव्हिएट संघराज्यांत सामील करून टाकण्यांत आला. १९४१ मध्यें जर्मन आले, १९४४ मध्यें पुन्हां रशियन आले. हजारों कुटुंबें सैबेरियाकडे रवाना झालीं. नकाशावरून लिथुआनियाचें नांव गेलें आणि त्याबरोबर त्याचा राष्ट्रीय संघहि गेला. पण त्याचे खेळाडू गेले नाहींत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकांत रौप्यपदक मिळविणाऱ्या सोव्हिएट संघांत बुतौतास, लागुनाविच्यूस यांच्यासारखे लिथुआनियन होते. १९७२ मध्यें म्यूनिक येथें ज्या सोव्हिएट संघानें अमेरिकेला ५१ विरुद्ध ५० असें हरवून जगाला चकित केलें, त्याचे कर्णधार मोदेस्तास पौलाउस्कास हे लिथुआनियनच होते. जग त्यांना सरसकट ‘रशियन’ म्हणे. ज्या सत्तेनें आपला देश गिळला तिच्याच निशाणाखालीं खेळावें कीं घरीं बसावें, हा पेंच या खेळाडूंपुढें होता. घरीं बसले असते तर मान राखली गेली असती, पण विद्या बुडाली असती. ते खेळले, आणि त्यांचें खेळणें पाहून कौनासमधील दुसरी पिढी, मग तिसरी पिढी तयार झाली. या निवडीला पारतंत्र्यांत न राहिलेल्या माणसानें सहज नांव ठेवूं नये.

शिवाय लिथुआनियन लोकांना आपलें मन मोकळें करण्यासाठीं एक जागा उरली होती. कौनासच्या प्रमुख क्रीडामंडळाचें नांव होतें ‘झालगिरिस’. १४१० सालीं लिथुआनिया व पोलंड यांच्या सैन्यांनीं जर्मन धर्मयोद्ध्यांचा ज्या रणांगणावर मोड केला, त्या रणांगणाचें हें लिथुआनियन नांव. शत्रु जर्मन असल्यामुळें मॉस्कोच्या राज्यकर्त्यांना या नांवांत वावगें दिसलें नाहीं. लिथुआनियन माणसाला मात्र त्यांत आपल्या जुन्या स्वतंत्र राज्याची आठवण ऐकूं येई. १९८५, १९८६ आणि १९८७ अशीं लागोपाठ तीन वर्षें या झालगिरिस संघानें मॉस्कोच्या लष्करी संघास मागें टाकून सोव्हिएट अजिंक्यपद जिंकलें. रस्त्यावर राष्ट्रीय निशाण फडकविणें गुन्हा होता. लष्करी संघाविरुद्ध टोपली झाली म्हणून टाळ्या वाजविणें गुन्हा नव्हता. त्या टाळ्यांचा अर्थ दोन्ही बाजूंना कळत होता.

त्या संघाचा कणा म्हणजे आर्विदास साबोनिस. सात फूट तीन इंच उंचीचा, आणि एवढ्या देहांत बुटक्या खेळाडूची चपळाई असलेला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकांत सोव्हिएट संघानें उपांत्य सामन्यांत अमेरिकेस ८२ विरुद्ध ७६ असें नमविलें व पुढें सुवर्णपदक मिळविलें. त्या संघांत साबोनिस, शारूनास मार्च्युलिओनिस, रिमास कुर्तिनाइतिस आणि वाल्देमारास खोमिच्यूस असे चार लिथुआनियन होते. पदकें गळ्यांत पडलीं तेव्हां वाजलें तें राष्ट्रगीत मात्र त्यांचें नव्हतें.

यानंतर घटना वेगानें घडल्या. ११ मार्च १९९० रोजीं लिथुआनियाच्या लोकप्रतिनिधींनीं स्वातंत्र्याची पुन्हां घोषणा केली. मॉस्कोनें आधीं नाकेबंदी केली, आणि १३ जानेवारी १९९१ च्या पहांटे रणगाडे पाठविले. व्हिल्नियसच्या दूरदर्शन मनोऱ्याभोंवतीं निःशस्त्र नागरिक उभे राहिले. त्या लढ्यांत चौदा जणांनीं प्राण दिले. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मॉस्कोंतील बंड फसलें व सप्टेंबरांत सोव्हिएट सरकारला लिथुआनियाचें स्वातंत्र्य मान्य करावें लागलें.

देश स्वतंत्र झाला, पण तिजोरी रिकामी होती. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकांस संघ पाठवावा तर पैसा कोठून आणावा? मार्च्युलिओनिस १९८९ पासून अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांतील एका धंदेवाईक संघांत खेळत होते. त्यांनीं झोळी घेऊन मदत मागितली. तेथील ‘ग्रेटफुल डेड’ या प्रसिद्ध वाद्यवृंदाला ही हकीकत कळली, आणि त्या गाणाऱ्या मंडळींनीं पैसे तर दिलेच, पण पिवळ्या, हिरव्या व तांबड्या रंगांच्या, म्हणजे लिथुआनियाच्या निशाणाच्याच रंगांच्या चित्रविचित्र सदऱ्यांचीहि देणगी दिली. उन्हाळी ऑलिंपिकांत स्वतंत्र राष्ट्र म्हणून लिथुआनिया १९२८ नंतर प्रथमच उतरत होता.

उपांत्य सामन्यांत अमेरिकेनें आपल्या जगप्रसिद्ध धंदेवाईक खेळाडूंच्या जोरावर लिथुआनियाचा १२७ विरुद्ध ७६ असा फडशा पाडला. आतां कांस्यपदकाचा सामना उरला, आणि समोर दैवानें कोण उभें करावें? मोडलेल्या सोव्हिएट संघराज्यांतील उरलेल्या प्रजासत्ताकांचा ‘संयुक्त संघ’! त्यांत सोलचे कांहीं जुने सोबतीहि होते. प्राथमिक फेरींत याच संघाकडून लिथुआनिया हरला होता. ८ ऑगस्टच्या त्या सामन्यांत हार झाली असती, तर जगानें पुन्हां हेंच म्हटलें असतें कीं, मोठ्या घरांतून फुटून निघालेल्या धाकट्याला स्वतःचें बळ नव्हतेंच. म्हणून कांस्यपदकासाठीं ते सुवर्णपदकासारखे झुंजले. साबोनिस आणि मार्च्युलिओनिस या दोघांनींच संघाचे निम्म्याहून अधिक गुण केले, आणि लिथुआनिया ८२ विरुद्ध ७८ असा जिंकला. संगीताचे प्राध्यापक असलेले देशाचे प्रमुख व्हितौतास लान्द्सबर्गिस खेळाडूंच्या खोलींत आले, तेव्हां त्यांच्या अंगावरहि शँपेनची वृष्टि झाली. पदक घेण्यास खेळाडू ते देणगीचे रंगीत सदरे घालून उभे राहिले. चार वर्षांपूर्वीं सुवर्ण मिळूनहि जें समाधान लाभलें नव्हतें, तें या कांस्यानें दिलें.

पुढें १९९६ व २००० सालींहि कांस्यपदकें मिळालीं. २००० मध्यें सिडनी येथें अमेरिका अवघ्या दोन गुणांनीं वांचली. २००४ मध्यें अथेन्स येथें वांचली नाहीं, ९४ विरुद्ध ९० अशी हरली. २००३ मध्यें चौसष्ट वर्षांच्या खंडानंतर युरोपचें अजिंक्यपद परत आलें. २०२३ सालीं मनिला येथें जागतिक स्पर्धेंत अमेरिकेला ११० विरुद्ध १०४ असें पुन्हां नमविलें. पण लगेच सर्बियाकडून हारहि खाल्ली. १९९२ पासून २०१६ पर्यंत एकहि ऑलिंपिक न चुकविलेला हा संघ टोकियो व पॅरिस या दोन्ही ठिकाणीं पोंचूं शकला नाहीं. टोकियोचें दार तर खुद्द कौनासमध्यें, आपल्याच लोकांसमोर, स्लोव्हेनियानें बंद केलें. खेळ म्हटला कीं हें चालावयाचेंच.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. स्वातंत्र्याच्या वेळीं या देशाची वस्ती सदतीस लाखांच्या घरांत होती. सीमा उघडल्या, तरुण पुन्हां पोटासाठीं पश्चिमेकडे निघाले, आणि वस्ती आठ-नऊ लाखांनीं घटली. रणगाड्यांनीं जें झालें नाहीं तें मजुरीच्या दरानें होऊं पाहत आहे. चेंडू टोपलींत पडल्यानें ओस पडलेलें खेडें पुन्हां भरत नाहीं, हें कोणा लिथुआनियन माणसास सांगावयास नको.

मग या खेळाचा उपयोग तो काय? स्वातंत्र्य त्यानें मिळविलें, असें म्हणणें म्हणजे मनोऱ्यापाशीं पडलेल्या चौदा जणांवर अन्याय होईल. खेळानें दुसरें काम केलें. ज्या पन्नास वर्षांत या लोकांना आपलें नांव उच्चारतां येत नव्हतें, त्या काळांत एकत्र बसून एकाच गोष्टीसाठीं आनंदानें ओरडण्याची संवय त्यानें मोडूं दिली नाहीं. आजोबांनीं पुस्तक सदऱ्याखालीं लपवून आणलें, नातवानें चेंडू उघड्या हातानें नेला. जपावयाची वस्तु दोघांचीहि एकच होती. राष्ट्र लहान असो वा मोठें, त्याच्या मुलांना आपण एक आहोंत असें वाटावयास लावणारें कांहीं तरी त्याच्याजवळ असावें लागतें. तें कोणतें, हें ज्याचें त्यानें ओळखावयाचें. आणि एकदां ओळखलें म्हणजे वाईट दिवसांतहि हातचें जाऊं द्यावयाचें नाहीं.