गिनेसची पिंपं कुणी उचलली?

(वस्तीतल्या वाचनालयात केलेलं भाषण, होतं तसं उतरवून)



भाषणबिषण मला जमत नाही. कविता वाचायला बोलावलं असतं तर बरं झालं असतं. पण विषय असा आहे की गप्प बसवत नाही. २०२५ साली नेटफ्लिक्सवर 'हाऊस ऑफ गिनेस' नावाची मालिका आली. आमच्या चाळीतल्या पोरांनी मोबाईलवर बघितली, मी पण बघितली. बाप मेलाय, मृत्युपत्र फोडलंय, भाऊ भाऊ एकमेकांकडं बघतायत, बाहेर रस्त्यावर दंगल. सगळ्यांचं लक्ष त्या भावांच्या कोटांकडं. माझं लक्ष मागं रचलेल्या पिंपांकडं. मी गोदीत माल चढवणारा माणूस. पिंप दिसलं की पहिला प्रश्न, हे उचललं कुणी?

तर ऐका. १७५९ साली आर्थर गिनेस नावाच्या माणसानं डब्लिनमध्ये सेंट जेम्स गेटची बीअरची भट्टी भाड्यानं घेतली. करार किती वर्षांचा? नऊ हजार वर्षांचा. भाडं वर्षाला ४५ पौंड. आपल्याला अकरा महिन्यांचं ॲग्रिमेंट करताना मालकाच्या दारात चार खेपा माराव्या लागतात, आणि याला नऊ हजार वर्षं! आपली सत्ता कधी जाईल असं त्यांना वाटतच नव्हतं, असं मला तो करार वाचताना वाटतं.

राज्य इंग्रजांचं. बहुसंख्य जनता कॅथलिक आणि गरीब. गिनेस प्रोटेस्टंट. १८४५ ते १८५२ बटाट्याचं पीक कुजलं, त्यात सुमारे दहा लाख माणसं उपाशी आणि तापानं मेली, तेवढीच बोटीत बसून देश सोडून गेली. त्याच काळात बंदरांतून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जात होती. साला, ते पण कुणीतरी हमालांनीच चढवलं असणार, रिकाम्या पोटानं. आणि १८५१ साली डब्लिनचा लॉर्ड मेयर कोण? बेंजामिन ली गिनेस. पुढं त्यानं पडायला आलेलं सेंट पॅट्रिक कॅथिड्रल स्वतःच्या पैशानं दुरुस्त केलं, दीड लाख पौंडांच्या घरात खर्च. १८६७ च्या मार्चमध्ये फेनियन क्रांतिकारकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तो चिरडला गेला. त्याच वर्षी इंग्रज राणीनं बेंजामिनला बॅरोनेट केलं. पुढच्या वर्षी तो मेला तेव्हा मागं दहा लाख पौंडांच्या वर ठेवून गेला. मालिका इथून सुरू होते.

थोरला पोरगा आर्थर त्याच १८६८ साली डब्लिनमधून पार्लमेंटवर निवडून आला. १८६९ ला निवडणूक रद्द. का? त्याच्या एजंटांनी पैसे वाटून मतं घेतली होती. हसताय काय, हे काय आपल्यासाठी नवीन आहे? १८७४ ला तो पुन्हा निवडून आलाच. १८७६ ला त्यानं धंद्यातला हिस्सा धाकट्या एडवर्डला विकला आणि जमीनदार झाला. १८८० साली, कुळं जमीनदारांविरुद्ध उठलेली असताना, तो लॉर्ड आर्डिलॉन झाला. धाकट्यानं १८८६ साली कंपनी लंडनच्या शेअरबाजारात काढली, साठ लाख पौंडांना. १८९० साली गरिबांच्या घरांसाठी अडीच लाखांचा ट्रस्ट केला. त्यातले दोन लाख लंडनला, पन्नास हजार डब्लिनला. १८९१ साली तोही लॉर्ड झाला. लोक टिंगल करायचे, ही पीअरेज नाही, बीअरेज आहे.

आता पिंपांकडं येतो. भट्टीतून पिंपं लिफी नदीवर यायची, कंपनीच्या वाफेच्या पडावात चढायची आणि खाली बंदरात जहाजाला लागायची. पूल आला की पडावाचं धुराडं आडवं करायचं. पुलावर उघडी पोरं उभी. ती खालच्या खलाशाला ओरडायची, ओ मिस्टर, येताना पोपट आणा! जणू काही तो आफ्रिकेला निघालाय. मैलभर जाणाऱ्या माणसाचा रोज पोपट. १९६१ पर्यंत हे पडाव चालले.

आणि बंदरात? सकाळी माणसांचा घोळका. स्टीव्हडोर नावं पुकारणार. ज्याचं नाव आलं त्याची चूल पेटली, बाकीचे घरी. मजुरी कुठं वाटायची? पबमध्ये. पबवाल्याशी साटंलोटं. दोन ग्लास घेतल्याशिवाय उठलास, तर उद्या तुझं नाव पुकारतील का? माझ्या पणजाची गोष्ट घरात सांगतात. गोदी कामगारांचा कायदा १९४८ चा, त्याच्या आधीची. टोळीवाला मजुरी द्यायचा गुत्त्याच्या दारात. पणजी पदर खोचून तिथं जाऊन उभी राहायची. डब्लिनच्या बायकाही अशाच उभ्या राहिल्या असतील, मला त्या दिसतात.

म्हणजे बघा, पैसा कसा फिरला. पिंप उचलल्याची मजुरी पबमध्ये, पबमधला पैसा भट्टीत, भट्टीतून लॉर्डच्या हातात. आणि लॉर्डच्या हातातून काय आलं? बाग. सेंट स्टीफन्स ग्रीनला आधी कुलूप असायचं, किल्ली आजूबाजूच्या बड्या लोकांकडं. आर्डिलॉननं पैसे घातले आणि १८८० ला ती सगळ्यांना खुली झाली. बागेत त्याचा पुतळा आहे.

इथं मला खोटं बोलायचं नाही. बाग चांगलीच आहे. गिनेस हा वाईट मालक नव्हता, आणि अडचण तीच आहे. शहरातल्या इतर मालकांपेक्षा पगार जास्त. डॉक्टर फुकट, म्हातारपणी पेन्शन, विधवेला पेन्शन, वर रोजची बीअर. १९०० च्या सुमारास कंपनीचा डॉक्टर लम्सडेन कामगारांच्या १,७५२ घरांत स्वतः फिरला, माणसं कशी राहतात ते बघायला. आमच्या कंत्राटदाराला माझं आडनाव ठाऊक नाही. मला कुणी विचारलं, त्या फाटकाबाहेर रांगेत उभा राहिला असतास का? राहिलो असतो. पहाटे चारला जाऊन राहिलो असतो.

पण आत गेल्यावर वरच्या खुर्च्या बराच काळ प्रोटेस्टंटांच्याच. कॅथलिकानं पिंप उचलावं, हिशोबाच्या वहीला हात लावू नये. ही शिडी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आणि ट्रस्टच्या पक्क्या घरांचं भाडं परवडायचं ज्याला कायमची नोकरी आहे त्याला. घोळक्यातल्या माणसाला नाही. १९११ ची शिरगणती घ्या, डब्लिनमध्ये वीस हजारांवर कुटुंबं एकेका खोलीत राहत होती.

१९१३ साली जिम लार्किनच्या युनियनमध्ये राहणार नाही असं लिहून द्या, म्हणून मालकांनी वीस हजार कामगारांना बाहेर काढलं. याच लार्किननं पबमधल्या मजुरीविरुद्ध आवाज उठवला होता. २ सप्टेंबरला चर्च स्ट्रीटवरची दोन जुनी घरं कोसळली, सात माणसं मेली. गिनेसनं टाळेबंदी केली नाही. भट्टीचा धूर चालू राहिला. शेजारच्या गल्लीत पोरं उपाशी आणि भट्टीतला कामगार पगार घेऊन घरी येतोय. त्यानं मान वर करून चालायचं की खाली घालून? मालिकावाल्यांनी यावर एक भाग काढावा, मी पुन्हा बघेन. तीन वर्षांनी, १९१६ च्या उठावात, इंग्रज सैन्यानं गिनेसच्या लॉऱ्यांवर बॉयलर बसवून चिलखती गाड्या केल्या आणि त्या बंडखोरांवर घातल्या.

१९२२ ला आयरिश लोकांचं राज्य आलं. त्यांनी मुद्रेवर आपलं जुनं वाद्य घेतलं, हार्प. पण गिनेसनं ती हार्प १८७६ सालीच ट्रेडमार्क म्हणून नोंदवून ठेवली होती. मग देशाची हार्प उलट्या तोंडाची काढली. आयर्लंडचं नाणं आणि गिनेसची बाटली कधी शेजारी ठेवून बघा, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं.

काय विचारायचं असेल ते आता विचारा. मला सहाला पाळीवर जायचंय.