चुकांची वही

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी माझी ओळख करून देताना पदव्या वाचून दाखवल्या, तेव्हा मागच्या रांगेतून ‘ए कोयत्या!’ अशी हाक आली. फार बरं वाटलं. चाळीस वर्षांत मला या नावानं कुणी हाक मारली नव्हती. तिथूनच सुरुवात करतो, कारण मी खांद्या-कोपराचा डॉक्टर का झालो याचं मूळ त्या नावातच आहे.

सहावीत मी मल्लखांबावरून पडलो आणि उजवं कोपर मोडलं. पी.टी.च्या सरांनी सायकलच्या नळीवर बसवून घरी पोचवलं. पुढे घरच्यांनी जे केलं ते तेव्हा सगळेच करत. हाडवैद्याकडून कामट्या बांधून घेतल्या, आणि त्या सोडल्यावर रोज कोमट तेल लावून हात चोळायचा, ओढायचा. मी ओरडायचो आणि आजी म्हणायची, दुखल्याशिवाय सरळ कसा होईल? मोडलेलं कोपर असं चोळलं-ओढलं की ते उलट जास्त आखडतं, कधी कधी तिथल्या स्नायूत नवं हाड धरतं. हे मला कळलं ते मेडिकलच्या पुस्तकात. तोवर हात कायमचा वाकला होता. कवायतीत ‘हात समोर’ म्हटलं की सगळ्यांचे हात सरळ आणि माझा कोयता.

आजीला मी दोष देत नाही. रोजच्या बहुतेक कामांना कोपर ३० ते १३० अंशांत हललं तरी पुरतं. माझं त्याहून जास्त हलतं. आज एखाद्या मुलाची आई विचारते, ‘हात पूर्ण सरळ होईल ना?’ तेव्हा मी खोटं आश्वासन देत नाही. बाही वर करून माझा हात दाखवतो आणि म्हणतो, याच हातानं उद्या ऑपरेशन करणार आहे, फक्त घरी चोळू नका.

खरं सांगायचं ते पुढचं आहे. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून थोडं अवघड जातंय.

शिकून नुकताच बाहेर पडलो होतो. एका रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात बसायचो, सकाळी शंभरावर लोक. एक शेतकरी आले. खांदा दुखतो, हात बाहेरच्या बाजूला वळत नाही. समोरून काढलेला एक्स-रे मला ठीक वाटला. मी ‘फ्रोजन शोल्डर’ लिहिलं, व्यायाम दिला आणि पुढचा पेशंट बोलावला. दीड महिना ते बिचारे घाम फुटेपर्यंत व्यायाम करत राहिले. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी बाजूचा एक्स-रे काढला. खांद्याचा गोळा मागच्या बाजूला निसटलेला होता.

मांडीचा सांधा म्हणजे खोल वाटीत बसलेला गोळा. खांदा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. म्हणून तर हात चौफेर फिरतो, आणि म्हणूनच तो निसटतोही. बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. मागे निसटतो तो विशेष करून फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर, कारण सगळे स्नायू एकदम आवळले जातात. समोरच्या एक्स-रेत ते सहज चुकतं. शेतकऱ्याला विहिरीवरची मोटार चालू करताना झटका बसला होता. हे त्यांनी केसपेपर काढणाऱ्या माणसाला सांगितलं होतं. मला सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नाही.

ऑपरेशन झालं. हात पुष्कळ सुधारला, पूर्ण नाही. पोतं पाठीवर घेणं त्यांनी सोडलं ते कायमचं.

बाई, तुम्ही आम्हाला चुकांची वही घालायला लावायचात. चुकलेलं गणित खोडायचं नाही. जसं चुकलं तसंच त्या वहीत उतरवायचं आणि शेजारी का चुकलं ते लिहायचं. आम्हाला ती शिक्षा वाटायची. त्या रात्री मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर ते शेतकरी लिहिले. नंतर वाचनात आलं की बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाच्या सर्जननं हेच केलं होतं. प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं ते वर्षभरानं पाहायचं, असा त्याचा आग्रह. १९११ ते १९१६ या काळात त्याच्या छोट्या रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांत झालेल्या १२३ चुका त्यानं स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. सहकाऱ्यांना ते आवडलं नाही, हे सांगायला नको. ‘फ्रोजन शोल्डर’ हे नावही त्याचंच, १९३४ च्या पुस्तकातलं. मी ज्या नावानं चुकलो, नेमकं तेच.

तेव्हापासून ऑपरेशन केलेल्या प्रत्येकाला वर्षानं फोन होतो. बरेचसे फोन मीच करतो. आता माझ्या सातव्या वहीची निम्मी पानं भरली आहेत. पहिला प्रश्न मी एक्स-रे बघण्याआधी विचारतो: कधीपासून, आणि तेव्हा काय करत होतात? दुसरा: हात कशासाठी हवा आहे? उत्तरं कुठल्या पुस्तकात नाहीत. एका बाईंना स्वतःचा अंबाडा स्वतः घालायचा होता. एका गृहस्थांना देवळातली घंटा. साठीनंतर एमआरआय काढला तर काही न दुखणाऱ्या कितीतरी खांद्यांतही स्नायूबंध फाटलेला दिसतो, तेव्हा फोटोवर ऑपरेशन करायचं की अंबाड्यावर, हे ठरवावं लागतं. अंबाडा व्यायामानं जमला. अर्थात, त्यानं माझं उत्पन्न कमी होतं, असं आमची सौभाग्यवती हिशेब लिहिताना म्हणते.

आता आपलं वय झालंय. सकाळपासून चौघांनी मला कोपऱ्यात घेऊन खांदा दाखवला. ज्यांना मधुमेह आहे त्यांचा खांदा जास्त आखडतो, म्हणून आधी साखर तपासा. आखडलेला खांदा सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, पण बहुतेकांचा ऑपरेशनशिवाय सुटतो. कोमट तेल खांद्याला चालेल. जोरानं ओढायला मात्र कुणाला सांगू नका.

जेवणानंतर मी चिंचेखाली बसतो. व्हॉट्सअॅपवर एक्स-रे पाठवू नका, स्वतः या. आधी कधीपासून ते सांगायचं, मग कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवून दाखवायचा. आणि ज्यानं मला कोयता हे नाव ठेवलं, त्यानं शेवटी यायचं.